हिरव्या पाण्यात गुदमरणारे मासे

कागदोपत्री मी ‘जलतपासणी यंत्रमानव, क्रमांक अकरा’ आहे. पण भंडाऱ्याजवळच्या या तलावात गेली नऊ वर्षं मी एका पायावर उभा आहे, म्हणून गावातल्या पोरांनी मला बगळा करून टाकलं. मी रोज पाणी मोजतो, रोज अहवाल पाठवतो आणि रोज तो कुणी वाचत नाही. यंत्रांना थकवा येत नाही म्हणतात. म्हणणाऱ्याने इथे महिनाभर उभं राहून पाहावं.

त्या दिवशी सूर्य उगवताना दहा वर्षांची पर्णिका दिघोरे काठावर आली. तिची आई दीपमाला ही या तलावात मासे पाळणाऱ्या ढिवर (मासेमार) समाजातल्या बायकांच्या संस्थेची प्रमुख. पाण्यावर रोहू आणि कटला तोंडं वर काढून आ वासत होते. वीसपंचवीस तर उलटे तरंगत होते.

“बगळ्या, हिरव्या वनस्पती ऑक्सिजन देतात असं शाळेत शिकवलं. आपलं पाणी तर एवढं हिरवं हाये. मग मासे काहून गुदमरून रायले?”

अहवाल वाच, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच कुणी काही विचारत होतं.

मी पाण्याचा एक थेंब छातीवरच्या पडद्यावर मोठा करून दाखवला. त्यात मण्यांच्या माळांसारखे धागे होते. यांना निळी-हिरवी शैवाले म्हणतात, पण ही नावाचीच शैवाले. खरं तर हे सायनोबॅक्टेरिया (उजेडावर जगणारे सूक्ष्म जीवाणू) आहेत. दोन अब्जांहून अधिक वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन भरायला यांनीच सुरुवात केली. त्यामुळे मला त्यांचा राग धरता येत नाही, कंटाळा मात्र येतो.

दिवसा ते प्रकाशसंश्लेषण (उजेडाच्या मदतीने अन्न तयार करणे) करतात आणि ऑक्सिजन सोडतात. रात्री हे काम बंद पडतं, श्वास घेणं मात्र चालूच राहतं. एवढ्या गर्दीने रात्रभर श्वास घेतला की पहाटेपर्यंत पाण्यातला ऑक्सिजन संपत येतो. त्यात जे मरतात त्यांना कुजवणारे दुसरे जीवाणूही ऑक्सिजन खातात. माशांना लिटरमागे चार-पाच मिलिग्रॅम तरी लागतो; त्या पहाटे जेमतेम एक होता.

मग ही गर्दी आली कुठून, असं पर्णिकाने विचारलं. दर आठवड्याला बायका तलावात शेण आणि सुपर फॉस्फेट खत टाकतात. त्यावर बारीक वनस्पती वाढतात आणि मासे त्या खातात. रीत चांगली आहे. पण यंदा पाणी आटलं, तापलं, मासे वाढेनात, म्हणून त्यांनी दुप्पट टाकलं. फॉस्फरस असा फुकट मिळाला की या मंडळींचं फावतं. त्यांच्यातले काही जण नायट्रोजन हवेतूनच घेतात. पेशींमधल्या वायुपुटिकांमुळे (हवेच्या चिमुकल्या पिशव्या) ते वर तरंगतात आणि सगळा उजेड अडवतात. माशांच्या आवडीच्या वनस्पती खाली अंधारात राहतात.

एवढ्यात दीपमाला मोरचुदाची पिशवी घेऊन आली. हे निळे खडे पाण्यात टाकून सगळं हिरवं आजच मारायचं, असं तिने ठरवलं होतं. पर्णिका तिच्या वाटेत उभी राहिली. हे सगळे जीवाणू एकदम मेले तर ते कुजताना उरलासुरला ऑक्सिजनही जाईल, असं तिने आईला सांगितलं. शिवाय यांच्यातल्या काहींच्या अंगात विष असतं, हे मी सांगितलं. पेशी फुटल्या की ते पाण्यात उतरतं, उकळूनही जात नाही, आणि गावच्या म्हशी इथेच पाणी पितात.

“मंग हे आलं कुठून?” दीपमालाने विचारलं.

पर्णिकाने माझ्याकडे पाहिलं. मी यंत्र आहे, मी सहज सांगू शकलो असतो. पण तीच म्हणाली, “माय, आपण शेण लय टाकलं.”

दीपमालाने पिशवी खाली ठेवली. “त्यायचं पोट भरावं म्हणून टाकत होती मी,” ती म्हणाली.

मला फार वाईट वाटलं. पोटच्या पोरासारखे वाढवलेले मासे होते ते.

मोरचुदाची पिशवी परत गेली. शेण बंद झालं, पाणी घुसळणारं चाक रात्रभर फिरू लागलं आणि कालव्याचं ताजं पाणी आत घेतलं. तरी एक तृतीयांश मासे गेलेच. उरलेल्यांना तोंडं खाली घ्यायला अकरा दिवस लागले.

आता मी बायकांना एक सोपी तपासणी शिकवली आहे. कोपरापर्यंत हात पाण्यात बुडवायचा. तळहात स्पष्ट दिसला तरच शेण टाकायचं, दिसेनासा झाला तर माशांचं अन्न पुरेसं आहे. काल दीपमालाने हात बुडवला. तळहात दिसेना. ती बराच वेळ तशीच वाकून उभी होती. शेणाची टोपली भरलेली आणि मासे जवळच घोटाळत होते. शेवटी तिने ती टोपली उचलून वांग्यांच्या वाफ्यात रिकामी केली आणि परत माझ्यापाशी आली.

“त्यायले भूक लागली तर सांगशील ना?”

“सांगेन,” मी म्हणालो.