हनुवटीने दिलेलं उत्तर

मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता आर्गिरो आयुष्यात पहिल्यांदा मोटरसायकलवर बसली आणि दहा एकतीसला ती कॉफीघराच्या बाहेर मांडलेल्या तिसऱ्या टेबलात शिरली.

टेबलाशी एकच तरुण बसला होता. त्याने पाय वर उचलले आणि कॉफीचा कप डोक्यावर धरला. टेबल आडवं झालं, शेजारची वेताची खुर्ची मोडली, पाण्याचा ग्लास फुटला. कॉफीचा मात्र थेंब सांडला नाही.

"ब्रेक उजव्या पायाखाली असतो," तो म्हणाला.

"माहीत आहे," आर्गिरो जमिनीवरूनच म्हणाली. "तोच दाबत होते मी."

"तुम्ही डावा पाय दाबत होतात. तो गिअर."

"मग तसं लिहून ठेवायला हवं त्याच्यावर."

तो हसला नाही, पण हसू आवरायला त्याला कॉफीचा घोट घ्यावा लागला. मग कप खाली ठेवायला टेबलच उरलं नाही हे त्याच्या लक्षात आलं. "लागलं का कुठे?"

"नाही... तुम्हाला?"

"मला नाही. खुर्चीची अवस्था वाईट आहे."

त्याचं नाव झान्निस. आंद्रोस बेटाच्या या बाजूला गाडी शिकवणारा तो एकटाच, आणि हे कळल्यावर आर्गिरोने कपडे झटकले, केस सारखे केले आणि तिथल्या तिथे त्याच्याकडे नाव नोंदवलं. तिला पर्यायच नव्हता. डोंगरावरच्या पाच गावांतल्या म्हाताऱ्या माणसांना घरी जाऊन औषधं द्यायची, रक्तदाब बघायचा, जखमा बांधायच्या, अशी परिचारिकेची जागा तिला मिळाली होती. पण पत्रात एक ओळ होती : सप्टेंबर संपण्यापूर्वी दुचाकीचा परवाना सादर करावा. नाही तर जागा यादीतल्या पुढच्या नावाला. मग आर्गिरोला अथेन्सला परत जावं लागणार, मामाच्या पडद्यांच्या दुकानात, जिथे तिने चार वर्षं लोकांच्या खिडक्या मोजल्या होत्या. परीक्षक सिरोस बेटावरून महिन्यातून एकदाच येत. सप्टेंबरमध्ये ते तेरा तारखेला येणार होते. हातात सोळा दिवस.

"सोळा दिवसांत येईल का हो मला?" तिने विचारलं.

झान्निसने मोडलेल्या खुर्चीकडे पाहिलं. "आपण मैदानापासून सुरुवात करू. तिथे फर्निचर नाही."

तिची गाडी म्हणजे 'पापाकी', बदकाचं पिल्लू. बेटावर या छोट्या गाड्यांना सगळे हेच म्हणतात. क्लच नाही, हातभर उंची, आवाजही तसाच, सर्दी झालेल्या बदकासारखा. पाव आणणारे, जाळी नेणारे, बायकोला माहेरी सोडणारे सगळे याच गाडीवर शिकतात आणि दुसरी घ्यायची गरज कुणालाच पडत नाही.

आर्गिरो बंदराजवळच्या फुटबॉलच्या मैदानावर शिकली. सरळ जाणं दोन दिवसांत आलं. थांबणं चौथ्या दिवशी आलं, आणि त्याच दिवशी झान्निस 'अहो'वरून 'अगं'वर आला.

"अगं, रस्त्याकडे बघ! चाकाकडे काय बघतेस? चाक कुठे पळून जाणार आहे का?"

"पळून गेलं तर कळायला नको?"

"आठ काढ. सावकाश. जिथे जायचं तिथे बघायचं, गाडी नजरेच्या मागे येते."

आर्गिरो आठाच्या पहिल्या वळणात नीट गेली, दुसऱ्या वळणात तिने झान्निसकडे पाहिलं आणि गाडी नजरेच्या मागे सरळ त्याच्या अंगावर आली. त्याने उडी मारली.

"माझ्याकडे नाही!"

"तुम्हीच म्हणालात, जिथे जायचं तिथे बघ..."

हे बोलून गेल्यावर तिचे कान तापले. झान्निस बराच वेळ वळणाच्या खुणेसाठी मांडलेला एक प्लास्टिकचा शंकू उचलून पुन्हा त्याच जागी ठेवत राहिला.

अडचण एकच होती, हेल्मेटची. तिचं नवीन हेल्मेट पिरेअसहून बोटीने यायचं होतं, आणि वाऱ्यामुळे बोट दोनदा रद्द झाली होती. तोवर झान्निसच्या शिकवणीतलं वापरायचं, ते एक नंबर मोठं. दर दहा मीटरला ते भुवयांवर उतरायचं. हात हँडलवर असल्याने आर्गिरोने उपाय शोधला : हनुवटी झटकन वर उडवायची, की हेल्मेट मागे सरकतं. आता, ग्रीसमध्ये हनुवटी वर उडवली की त्याचा अर्थ 'नाही'. तोंड उघडावं लागत नाही. दुकानदार दही संपलं हे असंच सांगतो आणि मुली लग्नाला नकार असाच देतात. पण स्वतःच्याच हेल्मेटशी झगडताना हे कुणाच्या लक्षात येतं?

सोमवारी दहा तारखेला झान्निसने तिला पहिल्यांदा रस्त्यावर नेलं. तो शेजारून आपल्या गाडीवर. बेकरीसमोर रस्ता रुंद होता, वेग कमी होता, समुद्रावरून वारा शिट्ट्या घालत होता. झान्निसने हेल्मेटची काच वर केली, तिच्याकडे वळून काहीतरी ओरडला. आर्गिरोला फक्त वारा ऐकू आला. त्याच क्षणी हेल्मेट डोळ्यांवर आलं. तिने हनुवटी उडवली. ते पुन्हा आलं. तिने पुन्हा उडवली, जरा जोरात.

झान्निसने काच खाली केली.

मैदानावर परतल्यावर तो म्हणाला, "ठीक झालं. उद्या नऊ वाजता या, आर्गिरोबाई."

"बाई?"

"आरसे जास्त बघत चला, बाई. आणि वळताना आधी दिवा द्या."

मंगळवारी बाई. बुधवारीही बाई. शंकूंची अंतरं त्याने टेपने मोजली, पण तिच्याकडे वर मान करून पाहिलं नाही. आर्गिरोने विचार करून पाहिला, गाडी कुठे आपटली का, काही वावगं बोलले का... मग बुधवारी संध्याकाळी ती मारूसो मावशीच्या स्वयंपाकघरात धपकन बसली. ती मावशीकडेच राहत होती.

"तो माझ्याशी असा वागतोय, जणू मी सरकारी पाहुणी आहे."

मावशी बटाटे चिरत होती. सुरी थांबली नाही. "मग काय गळ्यात पडेल? भर रस्त्यात पोराने विचारलं, क्रुसाच्या सणाला माझ्याबरोबर नाचायला येशील का, आणि तू दोनदा नाही म्हणालीस. एकदा म्हटलं असतंस तर भागलं असतं ना? दुसऱ्यांदा तर इतकी जोरात, म्हणे."

"मी? कधी? कोण म्हणतं?"

"बेकरीसमोर तिघीजणी उभ्या होत्या. तिघींनी तुझी हनुवटी पाहिली."

आर्गिरो उठून उभी राहिली. मग बसली. मग पुन्हा उठली. "मावशी, ते हेल्मेट होतं!"

मावशीने आता सुरी खाली ठेवली. तिला समजायला थोडा वेळ लागला, आणि समजल्यावर ती डोळ्याला पदर... म्हणजे एप्रन लावून इतकी हसली, की बटाटे काळे पडले. "अगं मग जा की! सांग त्याला."

"आज? उद्या परीक्षा आहे. आज गोड बोलायला गेले तर त्याला वाटेल, परीक्षेत मदत हवी म्हणून आले." तिने एक चिरलेला बटाटा उगाच हातात घेतला. "आधी पास होते. मग बघते."

तेरा तारखेला परीक्षक दुपारच्या बोटीने उतरले. लाटांनी त्यांचा रंग पिवळट हिरवा झाला होता. मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून ते बसले आणि जमीन हलत नाही याची खात्री करून म्हणाले, "तयार?"

आर्गिरो हेल्मेट घालून बसली होती. तिने पट्टा सोडला, हेल्मेट काढलं, "हो, तयार," म्हणाली, पुन्हा घातलं, पट्टा लावला. शंकूंमधून नागमोडी गेली, एकही पाडला नाही.

"आता आठ. समजलं?"

पट्टा सोडला, हेल्मेट काढलं. "हो, समजलं." घातलं, पट्टा लावला. आठाच्या दुसऱ्या वळणात पाय जमिनीला टेकला.

परीक्षकांनी कागदावर खूण केली. "आणखी एक संधी असते. घेणार का?"

तिसऱ्यांदा तिने हेल्मेट काढलं तेव्हा परीक्षकांना राहवलं नाही. "बाई, दरवेळी ते कशाला काढता? मान हलवली तरी चालेल."

"नाही चालत, सर," आर्गिरो म्हणाली. तिचा आवाज आवश्यकतेपेक्षा मोठा होता. "हे हेल्मेट मला मोठं होतं. ते डोळ्यांवर येतं, मग मी हनुवटी वर करते, आणि लोक त्याला नकार समजतात. बेकरीसमोर मला कुणीतरी काहीतरी विचारलं. मला ते ऐकूसुद्धा आलं नाही. आणि विचारणारा तीन दिवस तोंड पाडून फिरतोय!"

थोडं पलीकडे उभ्या झान्निसच्या हातातून शंकूंची चळत पडली. एक शंकू घरंगळत परीक्षकांच्या पायाशी आला.

परीक्षकांनी शंकूकडे पाहिलं, झान्निसकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "मला चारच्या बोटीने परत जायचंय," ते सुस्कारा टाकून म्हणाले. "आठ काढा."

आर्गिरोने काढला. जिथे जायचं तिथे पाहिलं, झान्निसकडे अजिबात नाही, आणि दोन्ही वळणं पूर्ण करून रेषेवर थांबली. कागदावर शिक्का पडला. तात्पुरता परवाना हातात आला. मामाच्या दुकानात खिडक्या मोजायला आता दुसरं कुणीतरी शोधावं लागणार होतं.

परीक्षक बोटीकडे गेले. झान्निस शंकू गोळा करत होता. सगळे गोळा झाल्यावरही करत होता. आर्गिरो गाडी घेऊन त्याच्यासमोर थांबली.

"बस मागे. वर गावात सणाचा नाच सुरू होईल."

"मी मागे बसत नाही."

"का?"

"आणि मी शिकवलेल्या माणसाच्या मागे तर मुळीच नाही. त्याला काय काय येत नाही, ते मला माहीत असतं."

"झान्निस."

तो बसला. पहिल्या वळणावर "दिवा दे" म्हणाला, दुसऱ्यावर "गिअर उतरव", तिसऱ्यावर त्याने तिच्या जाकिटाची कड धरली. गावापर्यंत अकरा वळणं होती. सातव्या वळणावर बदकाच्या पिल्लाने दोन माणसांचं वजन आणि एवढा चढ यांचा हिशेब केला, दोनदा खोकलं आणि थांबलं.

"ढकलावी लागेल," झान्निस म्हणाला.

हेल्मेटं हँडलला अडकवली. एका बाजूने ती, दुसऱ्या बाजूने तो. वारा पडला होता. वरून व्हायोलिनचा आवाज येत होता, अजून सूर लावणं चाललं होतं.

"तुला खरंच ऐकू आलं नव्हतं?" त्याने धापा टाकत विचारलं.

"एक शब्द नाही. काय विचारलंस?"

"नाचायला येशील का, एवढंच."

"एवढंच?"

"बाकीचं... नाचताना विचारणार होतो."

"मग आता विचार. नाचताना तुला दम लागेल."

"आत्ता लागला नाहीये होय?" त्याने खांदा लावून गाडी वर रेटली. मग गाडीकडेच बघत म्हणाला, "तू या गाडीला शिव्या घालतेस ना... आणि मग कुणी बघत नाही असं वाटून सीटवर थोपटतेस. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा म्हटलं, वेडी आहे. मग रोज बघायला लागलो. मग वाटायला लागलं... या गाडीचं बरं आहे."

आर्गिरोने पुढचा दगड चुकवायला हँडल वळवलं. चेहरा लपवायला तेवढा वेळ पुरला नाही.

"शिव्या तर मिळतील," ती म्हणाली. "आजपासून."

"आणि थोपटणं?"

"कामगिरी बघून."

तो हसला, आणि हसताना त्याचा हात सीटवरून सरकून तिच्या हातावर आला. तिने काढून घेतला नाही. त्यानेही काढला नाही. ढकलायला एक एक हात कमी पडला, म्हणून पुढची चार वळणं चढायला त्यांना पंचवीस मिनिटं लागली.

अकराव्या वळणानंतर रस्ता सपाट होतो. तिथून गाव समोर दिसतं, आणि एक किक मारली असती तर गाडी सुरू झाली असती. दोघांनाही गाडी चालवता येत होती, एकाला तर शिकवताही येत होती. पण किकचा विषय कुणीच काढला नाही, आणि नाचणाऱ्यांनी त्यांना येताना पाहिलं ते चालतच.