साताऱ्यावरूनच उतरायचं

कुपवाडच्या त्या लेथच्या शेडमध्ये संयोगिता बिचकतच शिरली. तिच्या हातातला मोडका दांडा बघून दिग्विजयनं मशीन बंद केलं.

"कशाचा हो हा?"

"विमानाचा... म्हणजे कॉम्प्युटरवरच्या खेळातल्या. आतली स्प्रिंग तुटलीय. हसू नका."

"हसतोय कुटं? आमच्या सात पिढ्या मेंढरामागं फिरल्या, आन् मी इमान दुरुस्त करतोय!"

त्याच्या गालाला ग्रीस लागलं होतं. ते पुसावं, असं तिला उगीच वाटून गेलं.

संयोगिता कोरेगावची, बागायतदाराची लेक. शिकायला सांगलीत मावशीकडे राहायची. दांडा पोचवायला आलेला दिग्विजय चहाला थांबला, आणि मग दर रविवारी थांबू लागला. मावशी दारातच शेंगा फोडत बसायची.

दोघं मिळून पडद्यावर विमान उडवायची. आधी छोटं विमान. कृष्णेच्या कडेकडेनं, खाली बघत जायचं. नदी सोडून पूर्वेला वळलं, ऊस संपून माळ लागला की तो ओरडायचा, "त्यो बग, आमचा जत!"

मग तिनं मोठं प्रवासी विमान घेतलं. ते दोघांचं काम. ती तपासणीची यादी वाचायची, तो एकेक बटण बघून म्हणायचा, "व्हय."

पहिल्याच खेपेला मुंबईहून कोल्हापूरला जाताना ती चुकली. छोट्या विमानाच्या सवयीनं, धावपट्टी दिसेपर्यंत वरच राहिली. विमानाचं नाक खाली दाबलं, पण विमान खाली येईना. कोल्हापूर मागं पडलं.

"आगं, मेंढरं सांजंला मुक्कामी पोचवायची तर ऊन डोक्यावर असतानाच वळवावी लागत्यात," तो म्हणाला. "ह्याचं बी तसंच. साताऱ्यावरूनच उतराय लाग."

बोलता बोलता दांड्यावरच्या तिच्या हातावर त्याचा हात आला. दोघांनीही तो काढला नाही...

"घरी स्थळं बघतायत," ती हळूच म्हणाली.

तो काहीतरी बोलणार होता. मग नुसतंच म्हणाला, "बरं."

ती वाट बघत राहिली. पाच रविवार गेले. सहाव्या रविवारी तिनंच सांगितलं, "सुपारी फुटली. फलटणचा आहे. फौजेत."

दिग्विजयनं पडद्यावरची नजर काढली नाही. "संयोगिता... मला तू लय आवडतीस."

"कधीपासून?"

"स्प्रिंग बसवली तवापासनं."

"मग बोलला का नाहीस रे? मी माझ्या आबांशी भांडले असते. त्यांनी आता शब्द दिलाय."

"वाटलं, आदी सोताची मशीन घीन, घर बांदीन... मग बोलीन."

"मला तरी कुठं तोंड नव्हतं?" ती म्हणाली, आणि पदराआड नव्हे, सरळ त्याच्यासमोर रडली. दारातल्या शेंगांचा आवाज थांबला होता.

लग्न झालं. नवरा सीमेवर गेला. फलटणच्या घरी एका दुपारी तिनं पेटी उघडून तो दांडा काढला, कॉम्प्युटरला जोडला. मुंबईहून निघाली. सातारा आला. तिनं वेळेवर विमान खाली वळवलं. अगदी बरोबर.

मग यादी वाचू लागली.

"चाकं खाली?"

तिनं शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं.

"व्हय," शेवटी तिचं तीच म्हणाली.