झारीतला बेडूक

बेडकाने उडी मारली ती थेट बाईंच्या अंबाड्यावर, आणि खोटं कशाला सांगू, जणू तो अंबाडा त्याच्यासाठीच बांधला होता अशा ऐटीत तो तिथे बसला.

बालवाडीच्या बाई जागीच थिजल्या. मुलांना पाण्यात आणि जमिनीवरही राहणारे प्राणी दाखवायला प्राणिसंग्रहालयातून आलेला उंच तरुण मात्र शांतपणे कोपऱ्यातल्या पाण्याच्या बादलीत हात बुडवून आला.

"हलू नका हं... बेडूक कातडीनेही श्वास घेतो. कोरडा हात त्याला सोसत नाही," त्याने मुलांना सांगितलं – बघत होता बाईंकडे. बेडूक उचलताना ओली बोटं बाईंच्या कानाला लागली. कान असा तापला होता की पाणी चर्र वाजलं म्हणे.

त्या गडबडीत बेडूक पसार. मग तो तरुण रोज शाळा सुटल्यावर त्याला शोधायला येऊ लागला. कपाटाखाली, खेळण्यांच्या टोपलीत दोघं रांगत शोधायची, आणि बेडूक सोडून जगातल्या सगळ्यावर बोलायची.

खरं तर बाईंना बेडूक दुसऱ्याच दिवशी सापडला होता, खिडकीतल्या झारीत. पण सांगावं, तर हा उद्या कशाला येईल? बाईंनी झारीवर जाळी बांधली आणि गप्प बसल्या. त्याला भरवायला किड्यांना हात लावायची छाती होईना. तरी बेडूक गलेलठ्ठ होत होता. कसा, हे विचारायला बाईंचं डोकं ठिकाणावर कुठे होतं?

एके दिवशी तो तरुण चेहरा पाडून आला. उद्या बेडूक आणा, नाहीतर शाळांचं काम सोडा, असं साहेबांनी बजावलं होतं. बाई उठून खिडकीकडे गेल्या. त्यांनी झारी पुढे ठेवली.

"मीच लपवला. तुम्ही यावं म्हणून... आता खुशाल रागवा."

तो मान खाजवत राहिला. "रागवू कुठल्या तोंडाने? त्याला गांडुळं कोण घालत होतं, वाटलं तुम्हाला?"

बाईंनी असा सुस्कारा सोडला की खिडकीचा पडदा बाहेर जाऊन आला.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं –"

"बाई सांगत नाहीत, तर आपण कशाला घाई करा, म्हटलं." त्याने झारीत डोकावून पाहिलं. "उद्या... काही न हरवताच आलो, तर चालेल?"

"चालेल," बाई म्हणाल्या, "पण वेळेवर या."

त्याने बाईंपुढे हात केला. आईची वाट बघत कोपऱ्यात बसलेली चिमुरडी करवादली, "काका, आधी हात ओले करा ना."

त्याने निमूटपणे बादलीत हात बुडवला. बाईंनीही.