उलट्या अक्षरांची हाक

माझ्या बाकीच्या गोष्टींवर खुशाल हसा. या गोष्टीत मात्र मी पदरचं एक अक्षर घातलेलं नाही.

सन अठराशे चौसष्ट. पौषातली दिवेलागण. बाळापूर-अकोला वाटेवरचा नदीचा उतार.

अमेरिकेतल्या लढाईमुळे वऱ्हाडी कापसाला असा भाव आला होता, की लोक निजलेल्या पाहुण्याखालची गादी उसवून विकत!

वाटेवर लुटारूही तसेच माजलेले.

म्हणून माझे मामा नत्थुजी आणि त्यांचा सोबती उत्तमराव यांनी युक्ती काढली. उत्तमरावानं सकाळीच पुढे जायचं, पलीकडचं बाभूळबन पाहायचं आणि संध्याकाळी नदीपलीकडून हाक द्यायची. वाऱ्यात लांब वाक्य विरून जाई. दोनच अक्षरं पोचत. लुटारूंना कळू नये म्हणून तीही उलटी.

‘चला’चं ‘लाच’. ‘नको’चं ‘कोन’.

त्या दिवशी कापसाच्या गाडीवर मामांचा धाकटा भाऊ चंद्रभान होता. पलीकडे धुकं. बराच वेळ काहीच नाही...

मग हाक आली.

“कोन...?”

शेवटी सूर चढलेला. विचारल्यासारखा.

आता आमच्याकडे ‘कोण’लाही ‘कोन’च म्हणतात! मामा गोंधळले.

“हा सांगून राहिला, का इचारून राहिला?”

चंद्रभान हसला. “दादा, धुक्यात त्याले आपण दिसत नसन. नाव सांग ना!”

मामा ओरडले, “चंद्रभान येऊन राहिला!”

पलीकडून पुन्हा ‘कोन’ आलं नाही. ‘नको’ असतं तर पुन्हा ओरडला असता, असं दोघांनी धरलं.

चंद्रभाननं गाडी पाण्यात घातली. बैलांची घुंगरं धुक्यात शिरली. पलीकडचा काठ चढली...

आणि थांबली.

मामा पाण्यातून धावले. बैल उभे. कापूस जसाच्या तसा.

चंद्रभान नाही.

बाभळीखाली उत्तमराव पडलेला. डोक्यात कुऱ्हाडीचा घाव. रक्त वाळून काळं, मुंग्या लागलेल्या. सकाळीच जीव गेला होता.

मग हाक कोणाची?

मेलेल्या उत्तमरावानं ‘नको’ म्हटलं? का दुसऱ्याच कोणी नाव विचारलं, आणि मामांनी सख्ख्या भावाचं सांगून टाकलं?

चंद्रभान सापडला नाही. मामा रोज त्या उतारावर जाऊन बसत. एकदा परतले ते पांढरेफटक पडून.

मनकर्णामामी घाबरली. “काय झालं जी?”

“चंद्रभानचा आवाज आला... ‘दादा’ म्हणे.”

“मंग चांगलंच झालं ना!”

“दादा...” मामा पुटपुटले. “हे उलटं केलं तरी तेच राह्यते व. आपल्या मानसाचं उलटं होतं, का त्या दुसऱ्याचं सरळ, कसं ओयखू?”

मामी हळूच म्हणाली, “तुमी ओ देली का?”

मामांनी घोंगडी डोक्यावरून ओढून घेतली.