कडव्या वालांचा शेवटचा डबा

चौलच्या शाळेत पहिलीचा वर्ग भरला नाही, त्याला यंदा सहा वर्षं झाली. बारशाचं आमंत्रण आलंच, तर लोक ते दोनदा वाचत. दूध, भाकरी, तेल, सगळं एकाच वेलाचं: मधुवालाचं. खाऱ्या पाण्याने शेतं नासली तेव्हा हा नवा गोड वाल तेवढा तगला आणि त्याने सगळ्यांना जगवलं. त्याचे उपकार नाकारून कसं चालेल?

उन्मेष गुप्तेला मात्र मूल हवं होतं. त्याची चाळिशी आली होती, बायको स्मिता वाट पाहून थकली होती.

"दोष तुमच्यात नाही, ताटात आहे," डॉक्टर पागेबाई म्हणाल्या.

"अहो, वाल तर मी लहानपणापासून खातोय."

"ते कडवे होते. कडूपणा हे वेलाचं कुंपण. खाणाऱ्याला तो सांगायचा, बेताने खा. आपण चवीपायी ते काढलं, तर वेलाने दुसरं घातलं. 'वंशरोधक' म्हणतो आम्ही त्याला. या द्रव्याने पुरुषबीज तयार होणंच थांबतं."

"मग सोडतो खाणं."

"आणि जगाल कशावर? कडव्या वालाचं रुजणारं बी मिळालं, तर संकर करून कडूपणा परत आणू. मग वंशरोधक बनायचा नाही. मूठभर पुरे, पण कुठे उरलंय?"

उन्मेषला कुमुदआत्या आठवली. बिरड्यासाठी वाल सोलायला ओटीवर परात घेऊन सगळी बसायची. भिजलेला वाल चिमटीत दाबला की सुळकन उडायचा, एकदा तो काकांच्या चहात पडला होता. काय दिवस होते ते! त्याने लगेच फोन लावला.

"आत्या, कडवे वाल आहेत का गं?"

"आहेत की. परसात खारं पाणी शिरायच्या आधीचे, राखेत घालून ठेवलेत. शेवटचा डबा."

"मला हवेत. सगळे. सोमवारी येतो आम्ही."

बियाणं म्हणून हवेत, हे आनंदाच्या भरात सांगायचं राहिलं. आणि गुप्त्यांच्या घरात 'वाल हवेत' म्हटल्यावर दुसरा अर्थ कोण काढणार?

सोमवारी दारातच बिरड्याचा वास आला. उन्मेषने आत जाऊन कढईत डोकावलं.

"सगळे केलेस, आत्या?"

"तूच म्हणालास ना! भिजवले, मोड आणले, काल दिवसभर सोलत बसले. दाणा मागे ठेवला नाही."

स्मिता काही बोलणार होती. त्याने मानेनेच तिला थांबवलं आणि तो पाटावर बसला. पहिला घास कडू लागला, मग ओल्या खोबऱ्याची गोडी आली. त्याचे डोळे भरून आले.

"तिखट झालं का रे?"

"नाही गं. अगदी तसंच झालंय. वाढ अजून."

आत्याने कढई निपटून सगळं त्याच्या पानात घातलं.

"कुणीतरी हक्काने मागेल," ती म्हणाली, "म्हणूनच तर एवढी वर्षं राखले होते."