तुम्हीच या आमच्याकडे

दिवे येईपर्यंत गप्प बसा आणि ऐका. भुताची गोष्ट म्हटली की तुम्हा पोरांना झाड लागतं, विहीर लागते, काळोख लागतो. हिच्यात त्यातलं काहीच नाही. माझ्या मित्राच्या बाबतीत घडलेली आहे, आणि तो थापा मारणाऱ्यांतला नाही. थापांना थोडी कल्पनाशक्ती लागते.

हा मित्र शीतगृहात फोरमन होता. आम्ही त्याला थंडोबा म्हणायचो. जन्मभर गोठलेल्या मासळीची राखण केली. निवृत्त झाला त्या दिवशी म्हणाला, "आता मरेपर्यंत स्वेटर अंगाला लावणार नाही."

तर हा थंडोबा एका संध्याकाळी वहिनींचा नवा चष्मा आणायला गेला. साधं काम. चष्मेवाल्याने काचा पुसल्या, चष्मा डबीत ठेवला आणि हळूच म्हणाला, "काका, हे नंबराचं प्रकरण नाही. काकूंना डॉक्टरांकडे न्या."

डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. फार पुढे गेलेला. कडेकडेने अंधार आत येत जाणार. नळीतून बघावं तसं दिसणार, मग तेही नाही. "काही बघायचं राहिलं असेल, तर यंदाच दाखवा."

थंडोबाने घरी येऊन विचारलं, "काय बघायचंय तुला?" त्याला वाटलं, ही एखादा डोंगर सांगेल, फार तर समुद्र.

वहिनी म्हणाल्या, "बर्फ. आणि त्यावर चालणारे पेंग्विन."

"अगं, चाळीस वर्षं बर्फात काढली मी! डबा घेऊन यायचीस तेव्हा बघायचा होतास."

"दारातूनच परत पाठवायचात. आत यायला परवानगी नाही म्हणून."

मग काय! गेले दोघं. पृथ्वीच्या पार खालच्या टोकाला जाणारं जहाज. विमान बदलताना स्वेटरांची बॅग भलतीकडेच गेली. जहाजावर सगळ्यांना लाल कोट वाटले, धुक्यात माणूस हरवू नये म्हणून. थंडोबाच्या वाट्याला असा आला की बाह्या गुडघ्यापर्यंत.

जहाजावर भोंग्यावरून सूचना देणारी एक उत्साही बाई होती. वारा सुटला म्हणून किनाऱ्यावर उतरणं रद्द झालं, की ती म्हणायची, "मंडळी, आपल्याला एक नवी संधी मिळाली आहे!" नवी संधी म्हणजे तळमजल्यावर बसून पेंग्विनवर व्याख्यान. थंडोबाने तिचं नाव संधीबाई ठेवलं. आज वारा, उद्या लाटा, परवा बर्फच आडवा. म्हणजे ज्या बर्फासाठी आलो, त्याच बर्फामुळे बर्फावर उतरता येईना. सरकारी कचेरीत जन्म घालवलेल्या मलासुद्धा हे ऐकून कौतुक वाटलं.

मध्येच भोंगा ओरडायचा, उजवीकडे देवमासा! सगळे पळायचे. वहिनींना तर बघण्याची ती नळी फिरवून नेमक्या जागी न्यावी लागे. त्या नेईपर्यंत पाणी मिटलेलं असायचं. मग जेवताना शेजारच्या टेबलावरची बाई फोन पुढे करायची. "अय्या, चुकला तुमचा? केवढा होता!"

थंडोबा रात्री खोलीत दातओठ खायचा. वहिनी म्हणायच्या, "अहो, दिसेल."

"कधी? डोळे गेल्यावर?"

बोलला आणि जीभ चावली. वहिनींनी दिवा मालवला.

शेवटची रात्र उजाडली. उजाडली म्हणजे खरंच उजाडली; तिथे त्या दिवसांत रात्र होतच नाही. डिसेंबरातली अमावास्या, रात्रीचे साडेअकरा, आणि बाहेर सकाळसारखा उजेड. भुताने तरी कुठे लपावं?

वारा पडला होता. रबरी होड्यांतून सगळ्यांना एका बेटावर उतरवलं. तिथे जुनी लाकडी खोपी होती. कधीकाळी काही खलाशी त्या खोपीत हिवाळाभर अडकले होते. सगळे परतले नव्हते. थंडोबाने वहिनींना खोपीजवळच्या दगडावर बसवलं, आणि धुकं उतरलं. दाट, दुधासारखं. पेंग्विनांचा कलकलाट ऐकू येत होता, वास तर येतच होता. दिसत काही नव्हतं.

थंडोबाचं डोकं फिरलं. तरातरा संधीबाईकडे गेला.

"निसर्ग आपल्या हातात नसतो," ती म्हणाली.

"मग तुमच्या हातात काय असतं? भोंगा?"

भांडून परत आला. वहिनी कोणाशी तरी बोलत होत्या.

"कोणाशी बोलतेस?"

"हे काय, हे बसलेत ना. यांनी दाखवलं! अहो, पेंग्विन इतका जवळ आला होता. पायावर पिल्लू. सगळं दिसलं मला... अगदी कडेपर्यंत."

शेजारच्या दगडावर कोणी नव्हतं.

"लाल कोट होता?"

"नाही हो. साधा लोकरीचा सदरा. ओला. हातमोजेसुद्धा नाहीत बिचाऱ्याला."

खरं तर तेव्हाच भीती वाटायला हवी होती. थंडोबाला राग आला. इतकी खटपट केली, भांडलो, बाह्या दुमडत फिरलो, आणि दाखवलं कोणी? परक्याने!

जहाजाचा कर्णा वाजला. वहिनी उठल्या. त्या रिकाम्या दगडाकडे वळून म्हणाल्या, "येते हं."

"येते काय, येते? परत कोण येतंय इथे!" आणि खोपीकडे बघून थंडोबा खेकसला, "दाखवायची एवढी हौस असेल, तर तुम्हीच या आमच्याकडे!"

आपण म्हणतो की नाही तसं. जिन्यात भेटलेल्यालाही म्हणतो. कोणी येत नाही, म्हणूनच म्हणतो.

कलकलाट थांबला.

सगळा. एकदम.

होडीत वहिनी कडेला बसल्या. मग थंडोबाच्या अंगावर रेलल्या.

"सरका ना जरा."

"कशाला? जागा आहे की."

"सरका हो..."

तो सरकला. होडी त्या बाजूला कलली. खलाशाने मागे वळून पाहिलं. माणसं मोजली. पुन्हा मोजली. मग पुढे तोंड करून बसला... जहाज येईपर्यंत मागे पाहिलं नाही.

घरी आले. डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. वर्ष सरायच्या आत वहिनींची नजर गेली. पूर्ण.

पण संध्याकाळ झाली की त्या चष्मा लावतात. भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसतात. शेजारची खुर्ची रिकामी ठेवायला लावतात. आणि हसतात. "अहो, बघा ना, केवढा हिमनग! आतून निळा..."

थंडोबा बघतो. भिंत. खिळा. घड्याळ.

मला म्हणाला, "जा म्हणू कसं? मीच बोलावलंय. आणि ती खूश आहे रे. पण मला काही दिसत नाही! माझ्याच घरात, माझ्याच बायकोला तो दाखवतो, आणि मला काही म्हणजे काही दिसत नाही!"

गेल्या उन्हाळ्यात गेलो होतो त्यांच्याकडे. रस्त्यावर डांबर वितळत होतं. थंडोबाने दार उघडलं. अंगात स्वेटर.

वहिनी आत झोपल्या होत्या. दोन खुर्च्या भिंतीकडे तोंड करून. मधल्या टेबलावर चष्मा. दोन्ही काचांवर पांढरा थर जमलेला. मी हात पुढे केला.

"राहू दे," थंडोबा म्हणाला. "हिम आहे. मला कळतं त्यातलं."

पंखा चालू होता. थर वितळत नव्हता.

मी उठलो. दारात आलो. सवयीने तोंडात आलं, एकदा या आमच्याकडे... गिळलं. येतोसुद्धा म्हटलं नाही. फक्त मागे वळून पाहिलं.

थंडोबा माझ्याजवळ दारात उभा होता. आतून वहिनींच्या घोरण्याचा आवाज येत होता.

टेबलावरच्या चष्म्याची एक काच पुसलेली होती. मधोमध, बघण्यापुरती. अंगठ्याने.

रुंद अंगठा. ओला.