उजवीकडची खिडकी

साप्ताहिकाच्या कचेरीच्या पायऱ्यांवर मनकर्णा थांबली होती, ती केवळ पावसाच्या शिरव्यामुळे. पौषातला अवकाळी शिरवा तो! थांबावं तर उशीर, निघावं तर हुडहुडी. पदराखाली लाह्यांच्या चिवड्याची कृती लिहिलेला कागद होता, पुढच्या अंकासाठी.

तेवढ्यात एक तरुण धावतच आला आणि शेजारी उभा राहिला. केसांतून पाणी निथळत होतं, पण हातातलं कात्रण मात्र कोरडं ठणठणीत.

“काहो जी, उकडपेंडीवर लिवनाऱ्या मनकर्णाबाई इथं येतात काय? म्हाताऱ्या असतीन ना?”

तिनं कागद पदराखाली आणखी आत सरकवला. “हो... लय म्हाताऱ्या. गावाले गेल्या.”

थाप कशी तोंडून गेली, तिचं तिलाच कळलं नाही.

“मी खुशाल. हिवरखेडचा.” त्यानं कात्रण पुढे केलं. “हे पाहा, उकडपेंडीची कृती. ‘पीठ भाजण्याआधी उजवीकडची खिडकी लावून घ्यावी.’ अशी खिडकी आमच्या घरी हाय! तिच्यातून गोऱ्हा मान घाले आन ताकाचा गडवा चाटून मोकळा होये. म्हनून माय ओरडे, ‘खिडकी लाव!’ ह्या बाई मायच्या मैत्रीन असतीन. माय जाऊन वर्ष झालं, जी. तिच्याबद्दल बोलाले कोनी उरलं नाही...”

मनकर्णाचे कान तापले. काय सांगणार होती ती? जठारपेठेतल्या दुकानातून फुटाण्याची पुडी आणली, पुडीच्या कागदावर टपोऱ्या अक्षरात धिरड्याची कृती निघाली, अन् तिनं धावत जाऊन रद्दीतली उरलेली वही मागून आणली. तोवर घरात तिला साधा भात जमत नाही म्हणून हसत. वहीतलं एकेक करू लागली आणि शेजारपाजार तिचे गोडवे गाऊ लागला. मग वहीतल्या कृती तिनं स्वतःच्या नावानं छापायला दिल्या. खिडकी ठेवली, गोऱ्हा शहरातल्या बायकांना बरा दिसणार नाही म्हणून खोडला. अकोल्यात कितीक जणींनी इमानेइतबारे खिडक्या लावून पीठ भाजलं. शेजारच्या चतुराबाईंकडे उजवीकडे खिडकीच नव्हती, तर त्यांनी जाळीचं कपाट लावून घेतलं!

हे आठवून एरवी ती पोट धरून हसली असती. आज मान वर होईना.

पुढच्या शनिवारी ती नवी कृती द्यायला आली, तेव्हा तोही पायऱ्यांवर पुन्हा आला, खिशात मामाच्या बागेतली शेंदूरजन्याची संत्री घेऊन.

“म्हातारी आली?”

“नाही.”

“बरं झालं.”

“काहून?”

“ती आली असती, तं तुमी कायले थांबल्या असत्या माह्यासंग...”

त्यानं सोलून दिलेली फोड तिनं घेतली. बोटाला बोट लागलं — ओझरतंच — आणि ती शहारली. हा माणूस आपल्याला आवडतो, फार आवडतो, हे तिला तिथंच कळलं. आणि त्याबरोबरच स्वतःची इतकी लाज वाटली, की फोड हातातच राहिली. खरं सांगितलं तर तो जाणार. न सांगावं तर वहीबरोबर त्याची आईच आपल्या ट्रंकेत कोंडून ठेवल्यासारखी!

तिसऱ्या शनिवारी तिनं रुमालात बांधलेली वही त्याच्या हातात दिली.

“म्हातारी कोनी नाही. मनकर्णा मीच. हे रद्दीत सापडलं... आन मी माह्या नावानं छापलं. तुमच्या आईले मी पाह्यलंबी नाही.”

त्यानं पहिलं पान उघडलं. ‘दुर्गाबाई’ या नावावर अंगठा फिरवत राहिला. ती जायला वळली.

“थांबा ना, जी.” त्यानं वही मिटली. “हे रद्दीत कोनं देल्लं, विचारलं नाही तुमी. मीच देल्लं. घराले चुना माराचा होता, मायच्या कागदांचा गठ्ठा उघडूनबी पाह्यला नाही. वर्षभर कोनाले सांगू शकलो नाही... तुमी निदान वाचलं तरी.”

दोघंही पायऱ्यांकडे बघत उभे राहिले. दोघांच्याही माना खाली.

“खिडकी अजून तिथंच हाय,” तो हळूच म्हणाला. “लावाले कोनी नाही.”

तिचे डोळे भरून आले. “आधी खरं काय ते छापून येऊ द्या. मंग विचारा.”

पुढच्या अंकात छापून आलं: ‘आजवरच्या कृती माझ्या नव्हेत. त्या हिवरखेडच्या कै. दुर्गाबाईंच्या आहेत. खिडकी गोऱ्ह्यासाठी लावायची होती. मी खोटेपणा केला. क्षमा असावी. — मनकर्णा.’

चतुराबाई दारात येऊन ताडताड बोलून गेल्या. “आन मी कपाट लावून बसली व, माय!” मनकर्णानं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं.

त्या गेल्या आणि फाटकाशी खुशाल दिसला. हातात तोच अंक.

“छापून आलं,” तो म्हणाला. “आता विचारू?”

लाजेनं तिला मान वर करवेना. पण ही लाज निराळी होती.

“एक सांगा आधी,” ती पदराशी चाळा करत म्हणाली. “उजवीकडची म्हंजे... चुलीपुढं बसल्यावर उजवीकडची, का दारातून आत येतानी?”

“ते घरी येऊनच पाहा ना, जी!”